विचारा सिस्टरना : आजी नर्स होती, तिच्याबद्दल लिहायचं कसं?

प्रश्न : ताई, माझी आजी गेल्या महिन्यात गेली. ९३ वर्षांची होती. १९५० च्या सुमारास तिने नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि मग ५८ व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत सरकारी रुग्णालयात नोकरी केली. आधी टीबी वॉर्ड, नंतर सर्जिकल, शेवटी सिस्टर इनचार्ज. घरचे सगळे मिळून तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढतोय. लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लिहायला बसले की तेच ते उतरतं : सेवेचा वसा, हातात दिवा, चेहऱ्यावर हसू. खरं सांगायचं तर आजी अजिबात हसतमुख नव्हती. आणि कामाबद्दल ती बोलायचीच नाही. विचारलं की म्हणायची, "काम होतं, केलं."

तिच्या मागे राहिलंय ते एवढंच : छातीवर उलटं लावायचं घड्याळ. स्टीलची एक लांबट डबी, तिच्यात काचेच्या दोन सिरिंज, काही सुया आणि एक छोटा गुळगुळीत दगड (तो कशाला, कोणालाच माहीत नाही). नोंदणीचं प्रमाणपत्र. आणि एक वही, तिच्यात पेशंटची नावं, खाटांचे नंबर आणि आकडेच आकडे.

आठवणी म्हणाल तर त्याही अशाच. आम्ही आजारी पडलो की मनगट धरून बसायची, खूप वेळ, काही न बोलता. चादरीला सुरकुती दिसली की झोपलेल्याला उठवून चादर ताणायची. तिच्या बोटांची कातडी सोललेली असायची, खाज सुटायची. "औषधाने झालंय" म्हणायची, कोणत्या ते कधी सांगितलं नाही. एवढ्यावर ९३ वर्षांचं आयुष्य कसं लिहू? आणि वहीतली नावं छापली तर चालतील का?

— एक नात

उत्तर : मागे काही राहिलं नाही असं म्हणतेस आणि यादी अशी दिली आहेस की मी दोनदा वाचली. तुझ्या आजीने कामाबद्दल सांगितलं नाही, पण सामान जपून ठेवलं. आपण ते सामानच वाचू.

आधी तो दगड. त्यावर सुया घासायच्या. आज सुई एकदा टोचली की टाकून देतात, त्यामुळे तुम्हा मुलांना हे खरं वाटणार नाही. पण तेव्हा तीच सुई धुऊन, उकळून पुन्हा पुन्हा वापरली जायची. वापरून तिचं टोक बोथट व्हायचं, कधी टोकाला इतका बारीक आकडा यायचा की डोळ्यांना दिसायचा नाही, पेशंटला मात्र कळायचा. म्हणून सुई कापसातून ओढून बघायची. तंतू अडकला की पुन्हा दगडावर. मग आत बारीक तार घालून पोकळी साफ करायची आणि नंतर सगळं उकळायला. त्या काचेच्या सिरिंज नीट बघ. नळीवर आणि दट्ट्यावर नंबर असले तर ते एकमेकांशी जुळतात का पाहा. एकीचा दट्ट्या दुसरीत घातला तर औषध मागून गळायचं, म्हणून जोड्या सांभाळाव्या लागत. ड्यूटीतला केवढा तरी वेळ या घासण्या-उकळण्यात जायचा. तुझ्या पुस्तिकेत "तिने असंख्य रुग्णांची सेवा केली" या वाक्याच्या जागी एक सुई, एक दगड आणि कापसाचा बोळा आला, तर वाचणाऱ्याला तुझ्या आजीचे हात दिसतील.

आता टीबी वॉर्ड. ती नेमकी कोणत्या वर्षी तिथे लागली आणि कोणत्या वर्षी सर्जिकलला गेली, ते शोधून काढ. सेवापुस्तकात सापडेल, नाहीतर पेन्शनच्या कागदांत. तारखांसाठी तुझ्या मागे लागतेय ती उगीच नाही. टीबीवरची दोन औषधं : स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, आयसोनियाझिड रुग्णांना मिळू लागलं १९५२ मध्ये. त्याआधी टीबीचा उपचार म्हणजे मोकळी हवा, महिनोन्महिने अंथरुणात पडून राहणं, नाहीतर बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरून फुप्फुस मिटवणं. तुझी आजी त्या वॉर्डात पाऊल टाकते आहे ती बरोबर या दोन काळांच्या मध्ये. पुढे १९५६ मध्ये मद्रासला एक चाचणी सुरू झाली. घरी राहून औषधं घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात, असं तिच्यात दिसून आलं. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला आणि टीबीसाठी माणसाला वर्ष-वर्ष वॉर्डात ठेवायची गरज हळूहळू संपत गेली. वॉर्डातून माणसं चालत घरी जाताना बघणाऱ्या पहिल्या काही नर्सेसपैकी तुझी आजी असेल तर त्यासाठी एक पान राखून ठेव. हसतमुख नसलेल्या बाईलाही त्या दिवसांत काहीतरी वाटलं असेल. काय वाटलं ते मात्र तू तिच्या वतीने लिहू नकोस.

आणि ती बोटं. स्ट्रेप्टोमायसिन रोज टोचावं लागायचं, महिनोन्महिने, वॉर्डातल्या खाटांमागून खाटांना. ते विरघळवून सिरिंजमध्ये भरताना नर्सच्या हातावर उडायचं आणि कित्येक जणींना त्याची ॲलर्जी यायची : बोटांना खाज, कातडी सोलणं, कधी पापण्या सुजणं. हा नर्सेसचा ठरलेला त्रास होता, वैद्यकीय पुस्तकांत त्याची नोंद आहे. आजीचं तेच होतं असा शिक्का मी पत्र वाचून मारणार नाही, तूही मारू नकोस. दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेव. तिची बोटं अशी होती आणि ती "औषधाने झालंय" म्हणायची, हे एक. त्या काळी हे औषध भरणाऱ्या नर्सेसना असं व्हायचं, हे दुसरं. वाचणारे शहाणे असतात.

मनगटाचं वाचून मात्र मला हसू आलं. तुम्हाला वाटलं असेल आजी माया करतेय. करतही असेल. पण ती तुमचे श्वास मोजत होती! नाडी अर्ध्या मिनिटात मोजून दुप्पट करता येते, अनियमित वाटली तर पूर्ण मिनिट. श्वासाचं तसं नाही. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस निराळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून आम्हाला शिकवलं जायचं, आणि मी पुढे मुलींना शिकवत आले : नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढायची नाहीत, नजर हळूच छातीकडे वळवायची आणि आणखी एक मिनिट गप्प बसायचं. तुझ्या आजीने हे नातवंडांवर केलं, निवृत्तीनंतरही. घड्याळ छातीवर उलटं का, तेही यातच आलं. पिन लावून टांगलं की ते लावणारीला सुलटं दिसतं, दोन्ही हात मोकळे राहतात आणि कोपरापर्यंत हात धुताना काढावं लागत नाही. त्याच घड्याळावर ती सलाइनचे थेंबही मोजत असणार. ५०० मिली आठ तासांत द्यायचं आणि नळी २० थेंबांना १ मिली देणारी असेल, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. हे गणित आम्ही चालता चालता तोंडी करायचो.

चादरीचं वेड नव्हतं. हलता न येणाऱ्या पेशंटच्या पाठीखाली एक सुरकुती रात्रभर राहिली तर सकाळी तिथे लाल वळ दिसतो, दुर्लक्ष झालं तर त्याची जखम होते. बेडसोर झाला की वॉर्डाची लाज जायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, चादर ताणायची. डॉक्टर राउंडला येऊन जातात, पाठ सिस्टरच बघते.

हे सगळं लिहिलंस की हातातला दिवा आपोआप गळून पडेल. तसाही तो दिवा मला कधी आवडला नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातात चित्रकारांनी चोचीचा, जादूच्या गोष्टीतला दिवा दिला. खरा होता कापडाचा, घडी होणारा तुर्की कंदील. आणि क्रिमियाच्या युद्धातून परत आल्यावर तिने जे केलं ते दिव्यापेक्षा कितीतरी मोठं. सैनिक जखमांनी कमी आणि टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मरतात, हे तिने आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं, बायकांमध्ये ती पहिली. ९० वर्षं जगली. तुझ्या आजीच्या वहीतले आकडे हे त्या बाईशी नातं सांगतात, दिवा नाही.

त्या वहीकडे येते. एका ओळीत १००.४, ९६, २४ असे तीन आकडे दिसले तर ते ताप, नाडी, श्वास, याच क्रमाने. दोन रकान्यांत मिलीचे आकडे असतील तर एकात किती पाणी-औषध आत गेलं, दुसऱ्यात किती लघवी-उलटी बाहेर पडली. हे आकडे खुशाल छाप. नावं छापायची नाहीत. एकही नाही, पेशंट आज हयात नसेल तरीही. त्यांचीही नातवंडं असतील, आणि टीबी हा शब्द त्या काळी लग्नं मोडायचा. नर्सेसच्या शपथेत १८९३ पासून हे आहे की कामाच्या निमित्ताने जे कळलं ते बाहेर बोलायचं नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ ची, तिच्यातही आहे. पानाचा फोटो घ्यायचा असेल तर नावांवर आधी कागदाची पट्टी ठेव, मग फोटो काढ. गाव आणि आजार मिळून माणूस ओळखू येत असेल तर तेही झाक. "खाट नं. ७" एवढं पुरे आहे, आणि गंमत अशी की वॉर्डात आम्ही पेशंटला बोलावायचोही तसंच. आजी घरी काही बोलत नव्हती यामागेही हेच असेल. "काम होतं, केलं" हे वाक्य पुस्तिकेत जसंच्या तसं घे. खाली स्पष्टीकरण देऊ नकोस.

एक मोठी उणीव मात्र तुझ्या पत्रात आहे. ५८ ला निवृत्ती आणि ९३ ला मृत्यू. म्हणजे जेवढी वर्षं नोकरी, जवळपास तेवढीच नोकरीनंतरची. त्या पस्तीस वर्षांबद्दल एक ओळ नाही! आसपासचे लोक इंजेक्शन घ्यायला, ड्रेसिंग बदलायला तिच्याकडे येत होते का? कोणाला तिने "हे माझ्याकडचं नाही, आत्ता दवाखान्यात जा" म्हणून पिटाळलं का? उकळायच्या सिरिंज जाऊन टाकून द्यायच्या आल्या, तेव्हा काय म्हणाली? तिच्या नोकरीचा बराचसा काळ रक्त, पू, जखमा उघड्या हातांनी हाताळण्यात गेला. हिपॅटायटिस बीची पहिली लस मिळाली १९८१ मध्ये. प्रत्येक पेशंटच्या रक्ताला हात लावताना हातमोजे घालायचे, ही रीत रुजू लागली एचआयव्ही आल्यावर, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे ती निवृत्तीला टेकली तेव्हा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : ती स्वतः पेशंट झाली तेव्हा कशी वागली? नर्स म्हातारी होऊन खाटेवर पडते तेव्हा तिच्याइतकी अवघड पेशंट सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगते. तिची शुश्रूषा ज्यांनी केली त्यांना विचार, ती काय काय चुका काढायची. तेवढ्यात तुला हवी ती आजी सापडेल.

तिच्या हाताखाली काम केलेली कोणी असेल तर भेट. "आजी कशी होती?" विचारलंस तर "फार चांगल्या होत्या हो" एवढंच मिळेल. त्याऐवजी विचार : सकाळी नाइटवालीकडून ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेताना पहिला प्रश्न काय विचारायच्या? कशावरून ओरडायच्या? मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख, राउंडला आली की काय करायच्या? नव्या मुलीला पहिल्या दिवशी कोणतं काम द्यायच्या? मग बघ, बोलणं थांबणार नाही.

आणि लिहायला जन्मापासून सुरुवात करू नकोस. दगडापासून कर.

प्रश्न : माझी आई नर्स होती. ती गेल्यावर भाचेमंडळी तिच्यावर लेख लिहीत आहेत, मलाही चार ओळी मागितल्या आहेत. सगळ्यांना आठवते ती प्रेमळ आजी. मला आठवते ती घरी नसलेली आई. सणाला ड्यूटी, परीक्षेला ड्यूटी, मला गोवर आला तेव्हाही ड्यूटी. रात्रपाळी करून आली की दार लावून झोपायची आणि आम्ही घरात आवाज न करता वावरायचो. हे लिहिलं तर कृतघ्न ठरेन. नाही लिहिलं तर खोटं.

— एक मुलगी, वय ६१

उत्तर : लिहा. भाच्यांना आजी मिळाली ती निवृत्त झाल्यावर, भरपूर झोप झालेली! तुम्हाला आई मिळाली ती ऐन रोस्टरमध्ये. दोघांचंही खरं आहे. एकाच लेखात दोन्ही येऊ द्या, कोणी मिटवायला जाऊ नका.

फक्त मोघम लिहू नका. "ती आमच्या वाट्याला आली नाही" हे वाक्य कोणीही कोणाबद्दल लिहील. बंद दाराबद्दल लिहा. घरात आवाज न करता चालायला कशा शिकलात, ते लिहा. गोवराच्या वेळी तुमच्याजवळ कोण बसलं होतं? वडील? आत्या? शेजारच्या काकू? त्या माणसाचा उल्लेख लेखात आलाच पाहिजे. आईची ड्यूटी त्या माणसाच्या जिवावर चालली, आणि अशा माणसाबद्दल कोणी कधी लेख लिहीत नाही.

"पण ती तरी काय करणार, तिचा इलाज नव्हता" अशी मलमपट्टी शेवटी लावू नका. इलाज नव्हता हे बरोबरच आहे. सणाच्या रजा वरिष्ठतेने मिळायच्या, धाकट्या सिस्टरला त्या वर्षानुवर्षं मिळायच्या नाहीत. हे माहिती म्हणून लिहा, माफीनामा म्हणून नको. रात्रपाळीही एका रात्रीची नसायची, सलग लागायची. तिसऱ्या-चौथ्या रात्री पहाटेच्या सुमाराला औषध मोजताना डोळ्यांपुढचे आकडे हलतात. तेव्हा आपल्या हातून काही होऊ नये या धास्तीने ती दिवसा दार लावून झोपत होती. सहा वर्षांच्या मुलीला यातलं काही कळायचं कारण नव्हतं, आणि एकसष्टाव्या वर्षी ते कळलं म्हणून सहाव्या वर्षीचं दुःख खोटं ठरत नाही.

माझी लेक हे वाचत असेलच. तिचं मत मी विचारलेलं नाही.

प्रश्न : आजीच्या पेटीत लाकडाचं एक छोटं शिंग सापडलं. वीतभर लांब, आरपार पोकळ, एका टोकाला कर्ण्यासारखं तोंड, दुसऱ्या टोकाला सपाट चकती. आजी लेबर रूमला होती एवढंच ठाऊक आहे. काय आहे हे?

— एक नातू

उत्तर : पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायची नळी आहे. आदोल्फ पिनार या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने १८९५ मध्ये ती केली, म्हणून पिनार हॉर्न किंवा फीटोस्कोप म्हणतात. पुढे ॲल्युमिनियमचीही निघाली. रुंद तोंड आईच्या पोटावर, बाळाची पाठ जिकडे असेल तिकडे टेकवायचं, चकतीला कान लावायचा आणि मग हात काढून घ्यायचा, नळी नुसत्या कानाने दाबून धरायची. हात राहिला तर बोटांचाच खरखराट ऐकू येतो. दुसरा हात आईच्या नाडीवर ठेवायचा, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे समजून मोजले जातात. बाळाचे मिनिटाला ११० ते १६० असतात.

चकतीची कड एका जागी झिजून गुळगुळीत झाली आहे का, बोट फिरवून बघा. ज्या कानाने आजी ऐकायची त्याच्या खुणा तिथे असू शकतात. पेटीत परत ठेवू नका. या नळीला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, त्यामुळे ती अजूनही शिकवली जाते. घरात ठेवायची नसेल तर एखाद्या नर्सिंग स्कूलला द्या आणि देताना आजीचं नाव आणि तिची लेबर रूममधली वर्षं एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.